वायसरचा ठसा, वायसरची सावली

प्रश्न : माझे वडील कारखान्यात फिटर होते. त्यांच्या पेटीतील वायसर, दातेरी चाके आणि स्प्रिंगा रंगात बुडवून मी मांजरपाटावर छापून पाहिल्या. काही ठसे पसरले, काही अर्धवटच उमटले आणि एकंदर कापड हार्डवेअरच्या दुकानाच्या पाटीसारखे दिसू लागले. काय चुकते आहे?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : लोखंड रंग शोषून घेत नाही, त्यामुळे बुडवलेल्या वस्तूच्या कडेला साचलेला जादा रंग कापडावर टेकवताच पसरतो. छपाईचे कारागीर लाकडी ठसासुद्धा रंगात बुडवत नाहीत, तर रंग मुरवलेल्या गादीवर टेकवून घेतात. आपणही पातळ स्पंजावर पिगमेंट रंग पसरून तसेच करावे. त्याआधी वस्तूंवरचे तेल आणि मांजरपाटाची खळ साबणाने धुऊन काढावी. धातू दबत नाही, म्हणून कापडाखाली चौघडी केलेली चादर अंथरावी, म्हणजे अर्धवट ठशांची तक्रार राहणार नाही. रंग पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने कडक इस्त्री फिरवली की तो पक्का होतो.

पाटीसारखे दिसण्याचे कारण मात्र हातात नसून नजरेत आहे. सोव्हिएत रशियात 1920 च्या दशकाच्या अखेरीस इव्हानोव्हो शहरातल्या गिरण्यांनी सुती कापडावर ट्रॅक्टर, कारखान्यांची धुराडी आणि दातेरी चाके छापली, आणि 1933 मध्ये ‘प्रावदा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या वृत्तपत्राने ‘पुढून ट्रॅक्टर, मागून कम्बाइन’ (म्हणजे कापणी-मळणीचे यंत्र) अशी त्या कापडांची टर उडवली. (त्यांतली काही नक्षीकामे मला आजही फार आवडतात, पण ट्रॅक्टरचे झंपर शिवून घेण्याचे धाडस मी करणार नाही.) याउलट, 1920 च्याच दशकात अमेरिकेत छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी स्टेली सिल्क या कंपनीच्या रेशमासाठी काड्यापेट्या, काड्या आणि साखरेचे चौकोनी खडे अशा मांडणीत टिपले, की वस्तूइतकीच तिची लांब सावलीही नक्षीचा भाग झाली. आपणही रात्री दोनचार वायसर टेबलावर मांडून बाजूने दिवा लावा आणि वरून फोटो काढा. वर्तुळाला चिकटलेली ती लांबट सावली रबराच्या तुकड्यावर कोरली, की ठसा वायसरचा असूनही वायसरसारखा दिसणार नाही.

आणखी एक सुचवतो. पेटीतल्या गंजलेल्या तुकड्यांत रंग आयताच आहे. व्हिनेगरमध्ये भिजवलेले सुती कापड त्यांच्याभोवती घट्ट गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत एकदोन दिवस ठेवल्यास तांबूस डाग उमटतात. तेच कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवले असेल, तर डाग करडे-काळे पडतात. कलमकारीतला काळा रंगही लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवूनच करतात. नंतर कापड खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून धुवावे. तरीही गंजाने सूत कालांतराने कमजोर होते, म्हणून या पद्धतीने साडी न करता भिंतीवर लावायचा पडदा करावा. जस्ताचा मुलामा असलेले वायसर यासाठी वगळावेत, ते सहजी गंजत नाहीत.