ग्वार गमचा वॉश बनवताना

भाऊ, अ‍ॅल्युमिनियम ओतायच्या डायसाठी (धातूच्या साच्यासाठी) पाण्यातला वॉश, म्हणजे साच्याला आतून फवारायचा लेप, शेडमध्येच बनवायचा म्हणतोस, तर बनव. धातू चिकटू न देण्याचं काम ग्रॅफाइटचं. ग्वार गम म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक; त्याचं काम एवढंच, की पूड तळाला बसू नये आणि फवारा ओघळू नये. लिटरभर पाण्याला 3-4 ग्रॅम ग्वार गम पुष्कळ झाला. जास्त घातलास की त्याचा वायू होतो आणि कास्टिंगला भोकं पडतात. डाय 300 अंशांपलीकडे गेली की गम जळतोच, म्हणून जोडीला थोडं सोडियम सिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारा बाइंडर, लागतं. निव्वळ गमवर भागतं म्हणणाऱ्यांचं मी तरी ऐकत नाही.

गम आधी कोरड्या ग्रॅफाइटमध्ये मिसळ, मगच ढवळत्या पाण्यात भुरभुरव. नाहीतर बाहेरून चिकट, आतून कोरड्या गुठळ्या होतात. मग कितीही घोट.

बोअरचं पाणी जड असेल तर गमऐवजी अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासूनची घट्टपणा आणणारी पूड) वाटेला जाऊ नको, कॅल्शियमने त्याची जेली होते.

आपल्या नागपुरात खरी गोची मे महिन्यात. पारा 45 वर गेला की हिंगण्याच्या कारखान्यांतल्या पत्र्याखाली कालवलेला वॉश बघता बघता आंबतो. जिवाणू गम खातात, घट्टपणा जातो, बादलीतून आंबूस वास येतो आणि ग्रॅफाइट खाली बसतं. तेव्हा दिवसापुरताच कालव.

फवारताना डाय 150 ते 200 अंशांवर हवी. थेंब टणाटण उडाले तर फार तापलीय, ओला डाग तसाच राहिला तर थंड आहे. आणि कोपऱ्यात ओल दिसली तर ओतू नकोस, धातू अंगावर उसळतो.