आजोबा ‘आहेत’ की ‘होते’?

प्रिय सोनू,

काल रात्री दोह्यात ड्यूटीवरून आल्यावर तुझा निरोप वाचला. घराण्याच्या माहितीत तू ‘माझे आजोबा सावईचे आहेत’ असं लिहिलंस, शाळेत त्याचं ‘होते’ झालं, आणि आजी म्हणते ‘आसात’च, म्हणजे कोकणीत ‘आहेत’च, लिही. आता खरं कोणाचं, असं विचारतेस.

नात्यापुरतं आजीचं खरं. ‘ते माझ्या बाबांचे वडील आहेत’ असंच लिही. महालयाला भटजी तर्पण सांगतात ते आठव. वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप, आणि प्रत्येक नावाला शेवटी ‘तर्पयामि’, मी तृप्त करतो. तिथेही वर्तमानकाळच आहे.

त्यांच्या कामाला मात्र ‘आहेत’ चालत नाही. तिथे ‘करायचे’, ‘जायचे’ असं लिही. उन्हाळ्यात आजोबा पहाटेच कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, जायचे. पाटाचं पाणी पोफळीच्या आळ्यात सोडायचे, हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, आळं भरलं की टाचेने मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या पोफळीला द्यायचे. हेच ‘पाणी सोडलं, बांध फोडला’ असं लिहिलंस तर एका सकाळची गोष्ट होते. ते तर जन्मभर करत आले. ‘सोडत असत’ हेही शुद्धच, पण आपल्या घरात असं कोणी बोलत नाही.

‘झालं होतं’ जपून वापर. गोवा 19 डिसेंबर 1961ला मुक्त झाला, तोवर आजोबांची मराठी चौथी झाली होती, इथे ते हवंच, कारण एक गोष्ट दुसरीच्या आधीची आहे. पण ‘आजोबा 2019 साली वारले’ इथेच थांब. ‘वारले होते’ म्हटलं की वाचणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो. वंशावळीत नावाआधी ‘कै.’ लाव, तेवढं पुरे.

माळ्यावरच्या पेटीत पणजोबांची हिशेबाची वही आहे. 1960च्या पानांवर सुपारीचे पैसे एस्कुदांत, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज चलनात, मांडलेत. ती वापरशील तेव्हा ‘पणजोबा लिहितात’ असं म्हण. वही उघडली की ते अजून लिहितातच.

आजोबा गेल्यावर वर्षभर मी फोनवर ‘बाबा म्हणतात’ असंच बोलत होतो. आजीने एकदाही मला थांबवलं नाही. म्हणून तिचं वाक्य तू बदलू नकोस. अवतरणचिन्हांत घाल, तिच्याच कोकणीत, आणि खाली ‘आजी’ असं लिही. दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं द्यायचं असतं, हे शाळेतही मान्य होईल.

त्या पाटावर किती पोफळी होत्या ते मला आता सांगता येत नाही. आजीला विचार आणि आकडा लिही.

तुझा,
बाबा