कॉलेज बदलायचंच आहे, मग एफवायचा एवढा व्याप कशाला?

"मॅडम, पुढच्या वर्षी मी दुसऱ्या कॉलेजात जाणार. मग इथलं एफवाय पासापुरतं केलं तर चालेल ना?" कल्याणहून दादरला येणाऱ्या, एफवायला म्हणजे बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाचा हा प्रश्न. शनिवार-रविवारी सीईटीचा क्लासही होताच. कॉलेज बदलणं जमलं नाही तर इंजिनिअरिंग.

आधी तास मांडले. सेमला 22 क्रेडिट. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, प्रॅक्टिकलच्या एकाला 30. त्याची 18 थिअरीची आणि 4 प्रॅक्टिकलची, म्हणजे 390 तास. 15 आठवड्यांत वाटले तर आठवड्याला 26. घरापासून कॉलेजपर्यंत जाऊन-येऊन रोज तीन तास, पाच दिवसांचे 15. क्लासचे 10. झाले 51, आणि अजून घरी वही उघडलेली नाही.

"पासापुरतं" या शब्दातच खरा घोळ आहे. दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो तो कुणी सोडून गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागेवर. अशा जागा मोजक्या असतात, त्यामुळे आधी मार्कशीट बघितली जाते. केटी, म्हणजे राहिलेला विषय, दिसली की अर्ज मागे पडतो. आणि एफवायच्या केट्या नेहमी अवघड पेपरामुळेच लागतात असं नाही. इंटर्नल बुडते, जर्नल म्हणजे प्रॅक्टिकलची वही सर्टिफाय होत नाही, हजेरी 75 टक्क्यांखाली जाऊन डिफॉल्टर यादीत नाव लागतं.

सीईटी मुलाच्या नव्हे, आईच्या मनात होती. ते त्यांच्यासमोरच बोललं गेलं आणि क्लास सुटला. मोकळ्या झालेल्या दहा तासांतले चार जर्नलला दिले, तेही त्याच आठवड्यात पूर्ण करायच्या अटीवर. उरलेले मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या पेपरांना.

मग विषय. लेक्चर सकाळचं आहे म्हणून मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, निवडणारी मुलं इथेच फसतात. ज्या कॉलेजात जायचं तिथे एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला, ती मेजर-मायनरची जोडी आहे का, हे निवडीआधी बघायचं. कॉलेज स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम वेगळा असतो, म्हणून प्रत्येक पेपरचा छापील सिलॅबस कॉलेजच्या शिक्क्यासह जपून ठेवायचा. अकॅडेमिक बँकेत, म्हणजे क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात, क्रेडिट जमा आहेत म्हणजे जागा पक्की, असं मात्र नाही! तिथे फक्त हिशेब राहतो. आधार आणि कॉलेजच्या नोंदीत नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, एवढं आताच तपासावं.

टीसीची घाई तर अजिबात नको. आधी समोरच्या कॉलेजचं लेखी होकारपत्र, मग आपल्या कॉलेजची एनओसी म्हणजे ना-हरकत, मग टीसी. विद्यापीठच बदलायचं असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं.

दोन्ही सेम केटीशिवाय निघाल्या. त्याने तीन कॉलेजांत अर्ज केले. दोन ठिकाणी जागाच नव्हती. तिसऱ्याने घेतलं, पण एसवाय करतानाच तिथला एफवायचा एक पेपर वेगळा द्यावा लागेल या अटीवर.