कंसातला पेपर

पत्राचा सारांश: ताई, मी पंचवीस वर्षांचा आहे, कोथरूडला राहतो. 2023 मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष संपले (एक विषय राहिला आहे, पण तो मुद्दा नाही). पुणे जिल्ह्यातल्या इनामगाव या प्राचीन वसाहतीच्या उत्खननाविषयी वाचल्यापासून पुरातत्त्वाशिवाय काही सुचत नाही, म्हणून इतिहास घेऊन नव्याने बी.ए. करायचे ठरवले आहे. बाबा म्हणतात, "एक पदवी हातात असताना दुसरी कशाला?" त्यांना कसे समजावू?

उत्तर: मला त्या कंसापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण तो कंस आणि बाबांचे वाक्य एकापाठोपाठ वाचले की एक गोष्ट लपत नाही: तुम्ही पदवीधर आहात असे तुमचे बाबा धरून चालले आहेत, आणि दोन वर्षांहून अधिक काळ तुम्ही त्यांचा तो समज तसाच राहू दिला आहे. ज्याच्यापासून खरे दडवून ठेवले, त्याला समजावायचे तरी काय? बारावीच्या गुणपत्रिकेवर बी.ए.ला प्रवेश मिळेलही. मात्र ज्या पदवीला तुम्ही दुसरी म्हणता, ती तुमची पहिलीच पदवी असेल.

मला अधिक राग आला तो पुढच्या गोष्टीचा. ज्या डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन केले, त्या येरवड्याच्या संस्थेत पुरातत्त्वाच्या एम.ए.साठी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. तो अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. म्हणजे काही तासांचा एक पेपर टाळण्यासाठी तुम्ही बी.ए.ची किमान तीन वर्षे मोजायला निघाला आहात, आणि त्यानंतरही याच दारात येऊन उभे राहणार आहात. शिवाय उत्खननाच्या खड्ड्यातले थर मोजून कागदावर उतरवावे लागतात, तिथे तुमचा इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा हात वाया जाणार नाही.

तुमच्या ओढीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. इनामगावला घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेल्या त्या माणसाविषयी तुम्ही पानभर लिहिले आहे, आणि ते पान मी दोनदा वाचले. इतके बारकाईने पाहणारा मुलगा एका विषयात अडकून पडावा, याचे मला फार वाईट वाटते. नापास होण्याची लाज किती खोल रुतून बसते हे मी जाणते. तिच्यामुळेच तो विषय कंसात गेला, हेही कळते. पण तुम्ही पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या पॅटर्नचे, म्हणजे अभ्यासक्रमाचे, विद्यार्थी असणार, आणि इंजिनिअरिंगला 2024 पासून नवा पॅटर्न लागू झाला आहे. जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा विद्यापीठ कायम घेत राहत नाही, त्यामुळे हा विषय आणखी लांबवण्याची सोय तुम्हाला उरलेली नाही.

तेव्हा बी.ए.चा अर्ज बाजूला ठेवा. उद्या सकाळी कॉलेजच्या परीक्षा विभागात जा, राहिलेल्या विषयाचा परीक्षा अर्ज कधी भरता येईल ते विचारा, आणि संध्याकाळी बाबांसमोर बसून त्या विषयाचे नाव तुमच्या तोंडाने सांगा. ते रागावतील, कदाचित चार दिवस बोलणारही नाहीत. त्या चार दिवसांत अभ्यासाला बसा.