हॉलमधला कोपरा आणि बाटलीवरची रेघ

‘मॅडम, घरात बार करून घेतला तर जागा वसूल होते का? एवढंच सांगा.’

पर्वरीच्या नव्या फ्लॅटचा नकाशा माझ्या टेबलावर उलगडत त्यांनी विचारलं. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी नकाशाकडे बघतही नव्हत्या. हॉलच्या एका कोपऱ्यात लाल पेनानं चौकोन काढला होता. त्याच चौकोनात कुणीतरी पेन्सिलीनं ‘अभ्यासाचं टेबल’ असं लिहून खोडलं होतं. अक्षरांचे ठसे मात्र कागदावर राहिले होते.

गोव्यात समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न अधूनमधून येतोच. नवा फ्लॅट घेतला किंवा गावचं जुनं घर दुरुस्तीला काढलं, की बारचा विषय निघतो. खरं तर तो सुताराला विचारायचा. माझ्यापर्यंत येतो तेव्हा त्यावरून घरात अबोला धरून झालेला असतो. या जोडप्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाकीचं त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे.

ते ४६ वर्षांचे. चौदा वर्षं क्रूझ जहाजावर बारटेंडर होते. मार्च २०२० मध्ये जगभरातली क्रूझ जहाजं थांबली तेव्हा घरी आले आणि मग परत गेलेच नाहीत. आता म्हापशात नातेवाइकाच्या हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघतात. त्या प्राथमिक शिक्षिका. मुलगी अकरावीत.

‘तिकडे माझ्या काउंटरला लोक नंबर लावून बसायचे,’ ते म्हणाले. ‘एकदा आलेला पाहुणा दुसऱ्या रात्री मला नावानं हाक मारायचा. घरच्यांनी माझं काम कधी बघितलंच नाही. पैसे यायचे तेवढे बघितले.’

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. जागेच्या प्रश्नाआड दुसरं काय आहे ते त्यात होतं. तरी आधी जागेचंच बोलू या, असं मी म्हटलं. माणूस जो प्रश्न घेऊन येतो त्याला सरळ उत्तर मिळालं नाही, तर पुढचं तो बोलत नाही.

बारचा काउंटर साधारण ४२ इंच उंच असतो आणि त्याला शोभणारं स्टूल ३० इंच. लांबी पाच फूट, रुंदी दोन फूट धरली, तर मागे बाटल्यांची फळी आणि माणसाला वळायला मिळून तीन फूट लागतात. पुढे स्टूल ओढून बसायला आणि मागून कुणाला जायला आणखी तीन फूट. पाच बाय आठ, म्हणजे ४० चौरस फूट झाले. दहा बाय दहाच्या खोलीचे पाच भाग केले, तर त्यातले दोन गेले. या ४० ला तुमच्या बिल्डरच्या दरानं गुणा, म्हणून मी कागद त्यांच्याकडे सरकवला. आकडा बघून ते गप्प झाले. त्यांचा त्यांनीच पुढे विचार केला: त्या कोपऱ्यात नळ नाही, म्हणजे प्रत्येक ग्लास स्वयंपाकघरात न्यायचा. वाईन एकदा उघडली की चार दिवसांत उतरते. आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लायवूड फुगतं आणि लेबलांवर बुरशी धरते. हे सगळं ते माझ्यापेक्षा जास्त जाणत होते.

मग मी विचारलं, ‘मुंबईच्या कुणाकडे बघितलात का असा बार?’ बघितला होता, मेहुण्याच्या घरी. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे पिण्यासाठी परवाना लागतो. तिथे माणूस घरी चार बाटल्या लावून ठेवतो, त्यामागे थोडी सोय तरी आहे. आपल्याकडे तसा परवाना लागत नाही आणि जिना उतरलं की दुकान. आपल्या जुन्या घरांत दारू नव्हती असंही नाही. काजूची फेणी कोठीच्या खोलीत, लोणच्याच्या बरण्यांमागे, काचेच्या मोठ्या गराफांवात असायची. मुलांना सर्दी झाली की छातीला चोळायलाही तीच. मार्च ते मे हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची हलकी दारू, यायची आणि हंगामातच संपायची. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, पण घरात तिची जागा कोठीतच राहिली. माणसं मात्र बाहेरच्या सोप्यावर बसायची. हे ऐकून त्या पहिल्यांदा बोलल्या, ‘माझ्या माहेरीही तसंच होतं.’ आणि पुन्हा गप्प झाल्या.

मी त्यांना चार आठवड्यांचं काम दिलं. सध्याच्या भाड्याच्या घरातल्या हॉलमध्ये पाच बाय आठचा चौकोन चिकटपट्टीनं आखायचा आणि त्यात काहीही ठेवायचं नाही. शिवाय रोज रात्री वहीत एक ओळ लिहायची: आज कोण आलं, कुठे बसलं, कुणी किती घेतलं. दोघांनीही मान डोलावली. पत्नीची मान जरा उशिरा डोलली.

पुढच्या आठवड्यात त्यांना एकट्यांना बोलावलं. ‘रोज किती घेता?’ या प्रश्नाला बहुतेक पुरुष देतात तेच उत्तर त्यांनी दिलं. ‘दोन स्मॉल. तेही आठवड्यातून दोन-तीनदाच.’ आणि लगेच पुढे, ‘श्रावण कडक पाळतो, मॅडम. महिनाभर थेंब नाही. व्यसन असतं तर जमलं असतं का?’

श्रावणाचा हा दाखला मी शेकडो वेळा ऐकला आहे आणि तो मी उडवून लावत नाही. महिनाभर राहता येतं, हात थरथरत नाहीत, झोप उडत नाही, म्हणजे शरीर अजून दारूवर अवलंबून नाही. ही चांगली बातमी आहे. पण उरलेल्या अकरा महिन्यांत काय चाललंय, ते श्रावणावरून कळत नाही. (आणि ज्यांना एक दिवस न घेतल्यावर थरथर, घाम, बेचैनी होते त्यांनी आपल्या मनानं एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांकडे जावं. बांबोळीच्या मनोविकार संस्थेत यासाठी उपचार मिळतात.)

मी त्यांच्यासमोर पाण्याची बाटली, एक साधा ग्लास आणि स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं ठेवलं. ‘घरी रात्री जसा एक स्मॉल भरता, तसा भरा.’

ते हसले. ‘माझा हात म्हणजेच माप, मॅडम.’ त्यांनी ओतलं. ग्लास मापाच्या भांड्यात रिकामा केला. ५२ मिलिलिटर. स्मॉल पेग ३० चा असतो.

त्यांना ते पटलं नाही. ‘थांबा,’ म्हणाले. ताठ बसले, बाटली मानेजवळ धरली आणि ओठ न हलवता मनात आकडे मोजत ओतलं. पुन्हा मोजलं. ३०. थेंबभरही इकडे-तिकडे नाही. तिसऱ्यांदा ओतलं, परत ३०.

बराच वेळ ते त्या भांड्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘जहाजावर मी मोजून ओतायचो. घरी मी बारटेंडर नसतो. गिऱ्हाईक असतो.’

मला त्यात काही जोडावंसं वाटलं नाही. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ३० मिलिलिटरमध्ये दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. दोन स्मॉल म्हणजे वीस ग्रॅम, असं ते धरून चालले होते. प्रत्यक्षात ३५ ग्रॅम होत होते.

चार आठवड्यांनी वही आली. चौकोनी रकाने, शाळेत आखतात तसे, म्हणजे ते पत्नीनं आखले होते. अक्षर नवऱ्याचं. २८ रात्रींपैकी १७ रात्री घेतलेली. पाहुणे आले चार वेळा. तीनदा सगळे बाल्कनीत बसले, कारण वारा तिथे. चौथ्यांदा सगळे स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे, कारण तिथे सुंगटं (कोळंबी) तळली जात होती. चिकटपट्टीच्या चौकोनात महिनाभरात एकही माणूस बसला नव्हता. घेतलेल्या १७ रात्रींपैकी उरलेल्या तेरांपुढे ‘कोण आलं’ या रकान्यात आडवी रेघ होती. तेरा आडव्या रेघा एकाखाली एक.

कुणी मला विचारलं की घरातला बार कधी परवडतो, तर मी या रकान्याबद्दल विचारते. काउंटरला दोन बाजू असतात. दर आठवड्याला माणसं येतात, येणाऱ्यांना देण्यात यजमानाला रस आहे, घरात दारूपायी पोळलेलं कुणी नाही, दारू सोडायची धडपड करणारं कुणी नाही, अशी घरं आहेत. तिथे काउंटर वापरला जातो, आणि मी त्यांना नको म्हणत नाही. पण पलीकडची बाजू रिकामी असेल, तर मंगळवारी रात्री साडेनऊला त्या काउंटरला एकच माणूस बसतो. बाटली हाताशी असते. उठून कपाट उघडायलाही लागत नाही.

त्या दिवशी मी त्यांना ऑडिट ही प्रश्नावली पुन्हा भरायला दिली. जागतिक आरोग्य संघटनेची, दहा प्रश्नांची. पहिल्या भेटीत त्यांना तीन गुण आले होते. आता वही आणि मापाचं भांडं समोर ठेवून, आणि घरच्या कुणी काळजी व्यक्त केली का, या शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर देऊन, दहा आले. आठपासून पुढे पिणं धोक्याकडे झुकलेलं समजतात. वीसपासून पुढे अवलंबित्वाची शंका घेऊन तज्ज्ञांकडे पाठवतात. म्हणजे ते अशा जागी होते जिथे बोलण्यानं आणि मोजण्यानं फरक पडतो. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही. थोड्याच भेटींची, डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी द्यायची अशी एक पद्धत गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासली गेली आणि २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये तिचे निष्कर्ष आले. त्यातल्या पुरुषांचं पिणं दहापेक्षा वरच्या गुणांचं होतं, तरी त्यांच्यात सुधारणा दिसली.

त्यांनी विचारलं, ‘मग सुरक्षित किती?’ मी खोटं बोलले नाही. दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. कमी तेवढा धोका कमी. ठरवायचं त्यांनी.

पत्नी एकट्या आल्या तेव्हा त्यांनी पर्समधून पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. बोटाएवढी उरलेली. थोरल्या भावाचं यकृत दारूनं गेलं, तो चाळिशीत वारला. तेव्हा वहिनी बाटलीच्या लेबलावर बारीक रेघ मारायची, किती उतरली ते कळायला. ‘मी हसायचे वहिनीला. आता सहा महिने झाले, मीही मारते. रात्री ते झोपल्यावर. त्यांना माहीत नाही.’ मग म्हणाल्या, ‘बार नको म्हणून भांडते, पण तो बार झाला तर किती बाटल्यांना रेघा मारू?’

ती पेन्सिल नवऱ्यासमोर ठेवायला त्यांना आणखी दोन आठवडे लागले. घाई करण्यात अर्थ नव्हता. ठेवली त्या दिवशी ते रागावतील असं त्यांना वाटलं होतं. ते पेन्सिल हातात घेऊन बसून राहिले आणि एवढंच म्हणाले, ‘अगो, मला सांगायचंस.’ ‘काय सांगणार अहो, तुम्ही हसला असता,’ त्या म्हणाल्या. त्यानंतर अर्धा तास ते दोघं एकमेकांशीच बोलत होते. मी पाणी आणायला उठले ते मुद्दाम सावकाश आले.

नव्या फ्लॅटमध्ये बार झाला नाही. पॅसेजमध्ये अडीच फुटांचं, दाराचं, कुलपाचं कपाट झालं. कुलूप त्यांनीच सुचवलं, मुलगी मोठी होते आहे म्हणून. बाल्कनीसाठी चाकांची एक ट्रॉली घेतली, पाहुणे आले की बाहेर काढायची. हॉलच्या कोपऱ्यात अभ्यासाचं टेबल आलं. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. आठवड्यातून दोन रात्री ठरल्या होत्या. जहाजावरच्या एका जुन्या मित्राच्या निधनाची बातमी आली तेव्हा त्या आठवड्यात पाच झाल्या. ते स्वतः फोन करून ते सांगतात, ही मला मोठी गोष्ट वाटते. रात्री-अपरात्री माझा फोन बंद असेल तर म्हणून १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक त्यांच्या फ्रिजवर लावलेला आहे.

मुलीच्या वाढदिवसाला मला बोलावलं होतं. बाल्कनीत ट्रॉलीच्या मागे ते पांढरा शर्ट घालून उभे होते. कोकमाचं आगळ, लिंबू, आलं, सोडा. शेकर हवेत फिरवून त्यांनी मुलीच्या मैत्रिणींना एकेक ग्लास दिला, प्रत्येकीचं नाव विचारून. पत्नी दारात उभ्या राहून बघत होत्या. नंतर पाणी घ्यायला मी पॅसेजमधून गेले तेव्हा कपाट उघडं होतं, ते जिगर, म्हणजे पेग मोजायचं माप, काढायला आले होते. आतल्या एकुलत्या बाटलीच्या लेबलावर पेन्सिलीच्या रेघा दिसल्या, आणि प्रत्येक रेघेशेजारी तारीख. अक्षर त्यांचं होतं.