ओंटारियोत आरपीएन (रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स) आहे. नोकरी सांभाळून बीएससीएन (नर्सिंगची पदवी) करता येईल असा ब्रिज प्रोग्रॅम कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की प्रॅक्टिकल नर्सिंगचा दोन वर्षांचा डिप्लोमा इथेच कॉलेजात केला, ब्रॅम्प्टनला लाँग-टर्म केअरमध्ये (वृद्धांच्या देखभाल केंद्रात) नोकरी आहे, घरी शाळेत जाणारी मुलगी आहे, आणि गूगलवर शोधायला बसलं की अमेरिकेतल्या ऑनलाइन कोर्सच्या जाहिरातींचा मारा होतो. मीही आरपीएनची नोकरी करतच ब्रिज, म्हणजे आरपीएनला आरएन (रजिस्टर्ड नर्स) व्हायचा कोर्स, केला आणि आता हॉस्पिटलात मेडिसिन फ्लोअरवर आरएन आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोर्स किती वर्षांचा आणि फी किती, हे नंतर बघा. पहिला प्रश्न हा विचारा की क्लिनिकल प्लेसमेंट (हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण) कुठे मिळणार, कोणत्या वारी असणार आणि ती शोधून देण्याची जबाबदारी कोणाची. थिअरी मुलगी झोपल्यावर रात्री करता येते, असाइनमेंट ब्रेकमध्ये बसून लिहिता येते. प्लेसमेंटला मात्र सकाळी सातला फ्लोअरवर हजर राहावं लागतं, आणि ते हॉस्पिटल तुमच्या घरापासून दीड तासावर असू शकतं. माझ्याबरोबरच्या ज्या मुलींनी कोर्स मध्येच सोडला, त्या हुशारीत कुठेच कमी नव्हत्या. त्यांचं रोस्टर आणि प्लेसमेंट यांचा मेळ बसला नाही, एवढंच.

शोध जाहिरातींपासून नको, कॉलेज ऑफ नर्सेस ऑफ ओंटारियो (सीएनओ) या नर्सेसची नोंदणी करणाऱ्या संस्थेपासून सुरू करा. ओंटारियोत 2005 पासून नव्याने आरएन व्हायला नर्सिंगची पदवी लागते, आणि इथल्या कोणत्या संस्थांची पदवी चालते त्याची यादी सीएनओच्या संकेतस्थळावर आहे. ती उघडा, त्यातल्या एकेका विद्यापीठाच्या पानावर जा आणि आरपीएनसाठी वेगळी वाट आहे का ते बघा. ओंटारियोतली जी संस्था त्या यादीत नाही, तिच्या माहितीपत्रकावर वेळ घालवू नका. कोणी एजंट फोनवर कितीही गोड बोलला तरी नाही.

शोधताना आणखी एक घोळ होतो. तुमच्या कामाला ओंटारियोत आरपीएन म्हणतात, बाकीच्या कॅनडात आणि अमेरिकेत एलपीएन, तर टेक्सास आणि कॅलिफोर्नियात एलव्हीएन. त्यातच ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचवान आणि मॅनिटोबात आरपीएन म्हणजे मानसिक आरोग्याच्या नर्सेस, त्यांचं रजिस्ट्रेशनच वेगळं. त्यामुळे सर्चमध्ये प्रांताचं नाव घातल्याशिवाय काही हाती लागत नाही. ‘पोस्ट-आरएन’ लिहिलेले कोर्सही बाजूला ठेवा, ते आधीच आरएन असलेल्यांसाठी असतात.

आता नावं. नॉर्थ बेच्या निपिसिंग विद्यापीठाचा ब्लेंडेड ब्रिज नोकरी करणाऱ्या आरपीएनसाठीच आखलेला आहे: अभ्यास पार्ट-टाइम, थिअरी ऑनलाइन, प्लेसमेंट प्रत्यक्ष. ओशावाला ओंटारियो टेक विद्यापीठ आणि डरहॅम कॉलेज यांचा एकत्र ब्रिज आहे. अल्बर्टातल्या अथाबास्का विद्यापीठाचा पोस्ट-एलपीएन बॅचलर ऑफ नर्सिंग इथल्या बऱ्याच जणी विचारात घेतात, कारण तो बहुतांशी घरबसल्या होतो. पण प्रॅक्टिकम (तिथली प्लेसमेंट) घरबसल्या होत नाही, त्यासाठी अल्बर्टा गाठावं लागू शकतं. तिकीट, राहणं आणि तेवढे दिवस बुडणारा पगार फीमध्ये धरून मगच तुलना करा. शिवाय 2020 मध्ये ओंटारियो सरकारने कॉलेजांना स्वतंत्रपणे नर्सिंगची पदवी द्यायची मुभा दिली. त्यामुळे तुमच्या जवळपासची जी कॉलेजं पूर्वी एखाद्या विद्यापीठाशी जोडलेली होती, त्यांच्याकडे आता काय आहे ते नव्याने विचारा. जुन्या विद्यार्थिनींची माहिती इथे लवकर शिळी होते.

विचारायचं ते ईमेलने, म्हणजे उत्तर लेखी राहतं. फार प्रश्न नकोत. प्लेसमेंटबद्दल वर लिहिलंच आहे. त्याशिवाय: माझ्या डिप्लोम्याचे किती क्रेडिट धरणार, आणि डिप्लोमा ठरावीक वर्षांपेक्षा जुना असेल तर चालतो का? प्रवेशाआधी कामाचे किती तास भरलेले हवेत? एखादा विषय राहिला तर तो पुन्हा कधी घेता येतो? शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण ब्रिजमध्ये बरेच विषय वर्षातून एकदाच लागतात. पॅथोफिजिऑलॉजी राहिलं तर त्याच्यावर अवलंबून असलेली प्लेसमेंट पुढे जाते आणि आख्खं वर्ष हातचं जातं. ज्या कॉलेजने या प्रश्नांना गुळमुळीत उत्तर दिलं, त्यांना मी तरी यादीतून काढून टाकीन.

मॅनेजरशी आत्ताच बोला, प्रवेश मिळायची वाट बघू नका. तुम्ही फुल-टाइम लाइनवर (ठरलेल्या शिफ्टच्या वेळापत्रकावर) दोन डे, दोन नाइट अशा बारा-बारा तासांच्या शिफ्ट करत असाल, तर ठरलेल्या वारची प्लेसमेंट त्यात बसणं अवघड आहे. बऱ्याच जणी पार्ट-टाइम लाइन घेतात किंवा वीकेंडला येतात. पार्ट-टाइम झाल्यावर बेनिफिट्सचं काय होतं, शिक्षणासाठी रजा मिळते का, हे युनियनच्या करारात लिहिलेलं असतं. तो करार मागून घ्या आणि वाचा. पुढचाही विचार करून ठेवा: आरएन झाल्यावर त्याच संस्थेत राहिलात तरी अनेक ठिकाणी युनियन बदलते, आणि आरपीएन म्हणून जमलेली सिनिऑरिटी सोबत येईलच असं नाही.

पैशांबाबत, वीआरपीएन ही आरपीएनची संस्था प्रांत सरकारच्या निधीतून ‘बिगिन’ नावाची योजना चालवते. तिच्यात पीएसडब्ल्यूला (पर्सनल सपोर्ट वर्करला) आरपीएन आणि आरपीएनला आरएन व्हायला फीसाठी मदत मिळते. बदल्यात लाँग-टर्म केअर किंवा होम केअरमध्ये ठरावीक काळ काम करायचं. तुम्ही त्याच क्षेत्रात आहात, म्हणजे ही अट तुम्हाला जड जाणार नाही. तुम्ही प्रवेश घेणार त्या वर्षी अर्ज कधी घेतात हे वीआरपीएनकडूनच विचारून घ्या. ओसॅपसाठी (प्रांताची विद्यार्थ्यांना मिळणारी आर्थिक मदत) पूर्ण अभ्यासक्रमाच्या निदान 60 टक्के विषय घेतले तर फुल-टाइम धरतात, त्याखाली पार्ट-टाइमचे वेगळे नियम लागतात. आरआरएसपीतून (निवृत्तीच्या बचतीच्या खात्यातून) शिक्षणासाठी वर्षाला 10,000 आणि एकूण 20,000 डॉलरपर्यंत काढता येतात, पण ती सोय फुल-टाइम विद्यार्थ्यांसाठी आहे. पार्ट-टाइम ब्रिज घेणार असाल तर हा पैसा हिशेबात धरू नका.

कागदपत्रांत एका गोष्टीला आपल्याकडच्यांना हमखास वेळ लागतो: टीबीची टू-स्टेप टेस्ट. लहानपणी बीसीजी घेतलेलं असल्यामुळे ती पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग छातीचा एक्स-रे आणि डॉक्टरांचं पत्र लागतं. आधीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट असेल तर तो शोधून ठेवा, टेस्ट पुन्हा करू नका. व्हल्नरेबल सेक्टरचा (मुलं, वृद्ध अशांसोबत काम करणाऱ्यांचा) पोलिस चेक, एन95 मास्कचं फिट-टेस्ट कार्ड, बीएलएसचं (सीपीआर वगैरेचं) प्रमाणपत्र हे सगळं एका फोल्डरमध्ये लावून ठेवा. तारखा उलटल्या की प्लेसमेंटला पाठवत नाहीत.

हे सगळं करून फरक काय पडतो, असंही तुम्ही विचारलंय. माझ्या शेवटच्या प्लेसमेंटमध्ये एक आजोबा दुपारी दोन लिटर ऑक्सिजनवर होते. आठच्या राउंडला ते पाच लिटरवर, श्वास भराभर, आणि कॅथेटरच्या पिशवीत दुपारपासून जेमतेम थोडी लघवी. बीपी अजून ठीक होतं. माझ्या प्रिसेप्टरने (प्लेसमेंटमध्ये मला शिकवणाऱ्या नर्सने) मला विचारलं, ‘आत काय चाललंय असं तुला वाटतं, आणि पुढच्या तासात काय होईल?’ लाँग-टर्म केअरमध्ये मी बदल टिपून कळवण्यात तरबेज होते. पण त्या प्रश्नाचं उत्तर देऊन, त्यावर विसंबून डॉक्टरांना फोन लावणं, लॅक्टेट आणि कल्चर या जंतुसंसर्गाच्या संशयावरून करायच्या तपासण्यांबद्दल बोलणं मला ब्रिजने शिकवलं. आरएनकडे येणारे पेशंट जास्त गुंतागुंतीचे आणि पुढे काय होईल याचा अंदाज न येणारे असतात, तिथे ते लागतं. तुमची माणूस ओळखण्याची नजर मात्र आधीच तयार आहे. ती थेट बीएससीएन करणाऱ्या मुलींना फ्लोअरवर आल्यावर कमवावी लागते, म्हणून वर्गात त्यांच्यापुढे बुजू नका.

शेवटी एनसीएलएक्स-आरएन ही आरएनच्या नोंदणीची परीक्षा द्यावी लागेल. तुम्ही दिलेली आरपीएनची आरईएक्स-पीएन ज्या पद्धतीची, त्याच पद्धतीची ही आहे, कॉम्प्युटर तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न काढतो. 85 ते 150 प्रश्न आणि पाच तास. तिची काळजी आत्ता करू नका.

भारतातून जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून आलेल्या कोणी हे वाचत असतील, तर ब्रिजची फी भरण्याआधी सीएनओकडून स्वतःची पात्रता नव्याने तपासून घ्या. परदेशी नर्सिंग शिक्षणाबद्दलचे नियम 2025 मध्ये बदलले आहेत, आणि पूर्वी अपुरं ठरलेलं शिक्षण आता आरएनसाठी थेट चालू शकतं. आणि महाराष्ट्रातच असाल तर वाट वेगळी आहे: एएनएमनंतर (सहायक नर्सच्या कोर्सनंतर) आधी जीएनएम, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी., ज्याची पदवी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं.

सप्टेंबरच्या प्रवेशाचे अर्ज बहुतेक ठिकाणी आधीच्या हिवाळ्यातच बंद होतात, त्यामुळे ईमेल याच आठवड्यात पाठवा. उत्तरं आली की इथे टाका. प्लेसमेंटचे वार आणि तुमचं रोस्टर शेजारी शेजारी ठेवून कोणता ब्रिज जमेल ते आपण मिळून बघू.