गाभण घोडीत आठ लाख घालावेत का?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"वय ५३, हार्डवेअरचं दुकान. महिन्याला ७०,००० सुटतात, ५२,००० घरात लागतात. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. घरकर्जाचे ६ लाख बाकी. जूनअखेर पेडण्यातला वडिलोपार्जित भूखंड विकला, त्याचे ३८ लाख बँकेत पडून आहेत. भाचा पुण्याजवळ एका स्टड फार्मवर (घोड्यांची पैदास करतात तिथे) नोकरीला आहे. तिथे ९ वर्षांची थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची, घोडी विकायची आहे. १९ शर्यती पळली, ३ जिंकली, आता गाभण आहे, फेब्रुवारीत व्यायची. किंमत १६ लाख, निम्मा वाटा मला ८ लाखांना मिळतोय. घोडीचा खर्च महिन्याला २८,०००, दूध तोडल्यावर शिंगराचा २०,०००, आणि पुढच्या वेतापासून स्टॅलियनची (पैदाशीच्या नर घोड्याची) फी २ लाख. शिंगरू दोन वर्षांचं झालं की १५ लाखांना जातं म्हणे. पुढे घोडी सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) आणली तर खर्च वाचेल, आणि शेतीचं उत्पन्न म्हणून करही लागणार नाही, असं भाचा सांगतो. घ्यावा का वाटा?"

नमस्कार.

निम्मा वाटा घेऊ नका. त्याची कारणं खाली येतातच, पण घोडीच्या आधी एक तातडीची गोष्ट. भूखंड जूनअखेर विकलात आणि पत्र ऑक्टोबरचं आहे. त्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर बसत असेल, तर प्राप्तिकर कायद्यातल्या सवलतीखाली आरईसी, पीएफसी किंवा आयआरएफसी या सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत नफ्याची रक्कम गुंतवून तो वाचवता येतो. मर्यादा ५० लाखांची, पैसे पाच वर्षं अडकतात, व्याज बेताचं. मुदत मात्र विक्रीपासून सहा महिने, म्हणजे तुमच्यासाठी डिसेंबरअखेर. पत्रात या कराचा शब्दही नाही, म्हणून मला धास्ती वाटते. ३८ लाखांतले तुमचे खरे किती, हे सीएकडून कळल्याशिवाय घोडीच काय, स्कूटरसुद्धा घेऊ नका.

आता घोडी. तुम्ही आठ लाखांचा विचार करताय, आणि मुळात चुकतंय ते इथे. वाट्याची किंमत एकदाच द्यायची असते. खर्चाची बिलं मात्र दर महिन्याला येतात आणि त्यातली निम्मी तुमच्या नावावर. पहिले दहा महिने १४,०००. पहिल्या शिंगराचं दूध तोडलं की २४,०००. दुसरं शिंगरूही दुधावरून सुटलं आणि पहिलं अजून विकलं गेलं नसेल, तर ३४,०००. वर फीचे वर्षाला एक लाख तुमच्या वाट्याचे, शिवाय डॉक्टर, नालबंद, विमा. तुमची महिन्याची शिल्लक आहे १८,०००. म्हणजे पहिल्याच वर्षात तुम्ही भूखंडाच्या पैशातून घोडीला दाणा घालायला लागणार.

तुम्ही डिचोलीचे, त्यामुळे खाण बंद झाल्यावर ट्रकांचं काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको. २०१२ ला खाणी थांबल्या, पुढे मार्च २०१८ ला पुन्हा थांबल्या, आणि दारादारांत ट्रक उभे राहिले. हप्ते चालू, कमाई बंद. पण ट्रक निदान नुसता गंजतो. घोडी उभी राहिली तरी तिला सकाळ-संध्याकाळ ओट, कोंडा, लसूणघास लागते आणि मोतद्दाराचा पगार थांबत नाही.

भाच्याचा हिशेब असा असणार: वर्षाला एक शिंगरू, एकाचे १५ लाख, खर्च नऊ-साडेनऊ लाख, उरलेला नफा निम्मा-निम्मा. कागदावर बरोबर दिसतो. मी तो पाच वर्षांवर, महिन्यांच्या हिशेबाने मांडून पाहिला. पहिलं शिंगरू चौथ्या महिन्यात जन्मणार आणि दोन वर्षांचं होऊन अठ्ठाविसाव्या महिन्यात विकलं जाणार. सगळं घड्याळासारखं चाललं, घोडी दर वर्षी व्यायली, एकही शिंगरू दगावलं नाही, तरी पाच वर्षांत विकली जातात फक्त तीन. चौथं आणि पाचवं तोवर खातच असतं. घोडीचे १६.८ लाख, पाच फींचे १० लाख, डॉक्टर-नालबंद-वाहतुकीचे मी धरलेले ३ लाख, शिंगरांचे १४ लाख. एकूण खर्च ४३.८ लाख, विक्री ४५ लाख. तुमच्या हाती येणार ६०,०००. होय, पाच वर्षांचे मिळून. शिवाय निम्मी घोडी, जी तेव्हा १४ वर्षांची असेल, आणि दोन शिंगरांत निम्मा वाटा. याउलट हेच आठ लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर पाच वर्षांनी कर धरण्याआधी १०.९६ लाख होतात आणि तोवर कुणाला दाणा घालावा लागत नाही.

आणि घड्याळासारखं काही चालत नाही. घोडीचा गाभ साधारण अकरा महिन्यांचा, म्हणजे दर वर्षी वेत हवं तर व्यायल्यावर महिन्याभरात ती पुन्हा गाभण राहायला हवी. तेवढ्यात जमलं नाही की तारीख पुढे सरकते. उत्तर गोलार्धात थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, त्यामुळे उशिरा, मेमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर जानेवारीतल्याच्या वयाचं आणि अंगाने चार महिने लहान. गिऱ्हाईक ते बरोबर ओळखतं. मग एखाद्या वर्षी मालक घोडी रिकामी ठेवायचं ठरवतात. त्यात कृत्रिम रेतन या जातीत चालत नाही. नैसर्गिक संगाचं शिंगरू असेल तरच त्याची नोंद होते, म्हणून घोडी स्टॅलियनकडे न्यावीच लागते. जुळं राहिलं तर बहुधा डॉक्टर एक गर्भ काढतात, नाहीतर दोन्ही जाण्याची भीती. गाभ टाकणं आहे, व्याताना अडणं आहे.

म्हणून मी दुसरा हिशेब केला: एक वर्ष घोडी रिकामी, एक शिंगरू जन्मताच गेलं, त्या दोन्ही वेळची फी स्टॅलियनच्या मालकाने माफ केली (सौद्यात तशी अट असेल तर). खर्च ३३.४ लाख, विकली दोन. १५ लाखांनी गेली तरी तुमच्या वाट्याला १.७ लाखांची खोट. १० लाखांनी गेली तर ६.७ लाखांची, आणि मूळचे आठ लाख त्या १४ वर्षांच्या घोडीत अडकलेले. हे काही मी फार काळं चित्र रंगवलेलं नाही.

"पण घोडी तीन शर्यती जिंकलीय" असं तुम्ही म्हणाल. शर्यतीतलं यश पोटी उतरेलच असं नाही, हे या धंद्यातले जाणते स्वतःच सांगतात. अमेरिकेची झेन्याटा २० पैकी १९ शर्यती जिंकली. तिची पहिली दोन शिंगरं, उत्तमोत्तम स्टॅलियनची, एकही शर्यत जिंकू शकली नाहीत. ऑस्ट्रेलियाची विंक्स ४३ पैकी ३७ जिंकली, त्यातल्या शेवटच्या ३३ ओळीने. तिचं पहिलं शिंगरू २०२० मध्ये मेलेलंच जन्माला आलं. पुढची मादी २०२४ मध्ये सिडनीच्या लिलावात एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला गेली खरी, पण ती घेणारी विंक्सच्याच मालकांपैकी एक होती! ब्लॅक कॅव्हियार २५ पैकी २५ जिंकलेली, ऑगस्ट २०२४ मध्ये व्यायल्यावर लगेच गेली. उलट उदाहरणही आहे. अर्बन सी ही घोडी १९९३ ची आर्क द त्रिओंफ ही फ्रान्समधली मोठी शर्यत जिंकली आणि तिच्या पोटी गॅलिलिओ आणि सी द स्टार्स असे एप्समची डर्बी जिंकणारे दोन घोडे झाले. स्टड फार्मवर कुणी घोडी दाखवायला लागलं की हेच नाव आधी काढतं. बाकीच्या हजारो घोड्यांची नावं कुणी काढत नाही.

तुमच्या घोडीच्या तीन विजयांबद्दल भाच्याला एवढंच विचारा: कोणत्या वर्गात? आपल्याकडे घोड्यांना गुणांकन देऊन वर्गांत बसवतात. खालच्या वर्गातल्या तीन विजयांना पैदाशीच्या बाजारात फार वजन नाही. ग्रेडेड, म्हणजे वरच्या दर्जाच्या, शर्यतीतला एखादा दुसरा नंबरही त्याहून भारी ठरतो. तिच्या आईची इतर पिल्लं काय करतात, हे तिच्या स्वतःच्या विजयांइतकंच पाहतात.

त्यात सध्या बाजाराची हवा पालटलेली. बक्षिसाचा पैसा बऱ्याच अंशी पैजांच्या उलाढालीतून येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. आपल्या मांडवीतल्या कॅसिनोंना लागला तोच. पैज आटली की क्लबकडे बक्षिसाला पैसा कमी, बक्षीस घटलं की मालक शिंगराला कमी मोजणार. १५ लाखांचा आकडा कधीच्या सौद्यांवरून काढलाय, ते विचारून घ्या.

कुळागराचं म्हणाल तर तो विचार सोडा. सत्तरीतला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. चार महिने चिखलात उभ्या राहणाऱ्या जनावराचे खूर कुजतात. दमट उकाड्यात काही थरोब्रेडना घाम येणंच बंद होतं आणि मग त्यांना ऊन झेपत नाही. पोफळीखाली चरायला मोकळं रान नाही, ओट आणि लसूणघास चोर्ल्याच्या घाटातून आणणार. घोडी बहुतेक रात्रीच व्याते. शिंगरू रोगप्रतिकारक द्रव्यांशिवाय जन्मतं, पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही तर काही दिवसांत ते हातचं जाऊ शकतं. रात्री दोन वाजता वाळपईत घोड्यांचा सराव असलेला डॉक्टर तुम्हाला कुठून मिळणार? शिवाय गोव्यात रेसकोर्स नाही, म्हणजे तुमचं शिंगरू बघायला गिऱ्हाईकही घाट उतरून यायला हवं.

करमाफीचंही तसंच. घोड्यांची पैदास हे शेतीचं उत्पन्न धरलं जात नाही, जनावर तुमच्याच जमिनीत चरत असलं तरी. आणि शिंगरू विकलं गेलं नाही म्हणून तुम्ही दोघांनी ते शर्यतीत उतरवलं (असं बऱ्याचदा होतं), तर त्या उद्योगाचा तोटा फक्त त्याच उद्योगाच्या उत्पन्नातून वजा होतो आणि तोही चार वर्षंच पुढे ओढता येतो. दुकानाच्या नफ्यातून वळता करता येत नाही.

एक अवघड गोष्ट. भाच्याला या सौद्यात दलाली मिळते का, हे सरळ विचारा. मिळत असेल तर त्यात काही गैर नाही, पण मामाला माहीत असायला हवं.

तरीही तुमच्या पत्रातला उत्साह मला दिसला, आणि माणसाने हौस करूच नये असं मी म्हणणार नाही. कर्जाचे सहा लाख आधी फेडा. घरात कुणाचाच आरोग्य विमा दिसत नाही. तुमच्या वयाला तो आता घ्या, साठीनंतर महाग आणि अवघड. मुलाच्या उरलेल्या शिक्षणाचे आणि सहा महिन्यांच्या घरखर्चाचे पैसे बाजूला काढा. मग उरलेल्यातले साडेतीन लाख हौसेचे समजा आणि निम्म्याऐवजी दहा टक्के वाटा मागा. १.६ लाख किमतीचे आणि पहिलं शिंगरू विकलं जाईपर्यंतचा तुमचा खर्च साधारण १.८ लाख, तेवढ्यात बसतं. दहा टक्क्यांना मालक नाही म्हणाला, तर त्याला भागीदार नकोय, खर्च वाटून घेणारा हवाय, असं समजा.

वाटा घेतलात तर करार लेखी हवा, आणि त्यात तीन कलमं असल्याशिवाय सही करू नका. दुसऱ्या भागीदाराने खर्च थांबवला तर त्याचा भार तुमच्यावर येणार नाही. कोणता स्टॅलियन आणि कोणत्या भावाला विक्री, हे कोण ठरवणार. आणि बाहेर पडायचं झालं तर तुमचा वाटा कोण, कोणत्या हिशेबाने घेणार. घोडी व्याताना जो तिचा मालक तोच शिंगराचा ब्रीडर (पैदास करणारा) म्हणून नोंदला जातो, तेव्हा मालकीत तुमचं नाव फेब्रुवारीच्या आधी चढलं पाहिजे. तुम्ही निवडलेल्या डॉक्टरकडून, फार्मच्या नव्हे, गर्भाशयाची आणि गाभाची तपासणी करून घ्या. मागच्या दोन वर्षांत घोडी स्टॅलियनकडे किती वेळा नेली आणि किती वेळा गाभण राहिली, हेही मागा. नऊ वर्षांच्या, गाभण असलेल्या घोडीतला निम्मा वाटा मालक आत्ताच का विकतोय, याचं उत्तर बहुधा त्या कागदातच सापडेल.